विश्लेषण : सभागृहात ‘न्यायप्रविष्ट’, कॅमेऱ्यासमोर सविस्तर… गाजलेल्या गुन्ह्यांत गृहखाते कुठे बोलते, कुठे गप्प राहते?

३१ ऑगस्ट २०१८. राज्याचे तत्कालीन अतिरिक्त पोलीस महासंचालक (कायदा व सुव्यवस्था) परमबीर सिंह यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली. एल्गार परिषद प्रकरणात तीनच दिवसांपूर्वी वेगवेगळ्या शहरांतून पाच जणांना अटक झाली होती. त्याविरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयात होती आणि न्यायालयाने पाचही जणांना स्वतःच्या घरातच ठेवण्याचा आदेश दिला होता. तरीही या पत्रकार परिषदेत, आरोपींकडून मिळाल्याचे सांगत काही पत्रे वाचून दाखवण्यात आली. ३ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने विचारले, प्रकरण न्यायालयात असताना पोलीस अशी पत्रकार परिषद घेऊच कशी शकतात?

आता दुसरे चित्र. विधानसभेत एखादा आमदार विचारतो, तक्रार नोंदवायला उशीर का झाला, जबाबदार निरीक्षकावर काय कारवाई केली? उत्तर येते, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक भाष्य करणे उचित होणार नाही.’ म्हणजे जिथे उत्तर देणे बंधनकारक आहे तिथे मौन आणि जिथे आवरते घ्यायला हवे तिथे तपशील. हे उलटे का झाले आणि त्याची किंमत कोण मोजते?

सभागृहातील उत्तर तयार कसे होते?

गाजलेल्या प्रकरणावर विधिमंडळात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव किंवा विधानसभेत नियम २९३ अन्वये चर्चा अशा मार्गांनी विषय येतो. प्रश्न विधिमंडळ सचिवालयाकडून गृह विभागाकडे, तिथून पोलीस महासंचालक कार्यालयाकडे, मग आयुक्त किंवा अधीक्षकांकडे आणि शेवटी ज्या पोलीस ठाण्याबद्दल तक्रार आहे त्याच पोलीस ठाण्याकडे जातो. त्याच वाटेने माहिती वर येते. प्रत्येक टप्प्यावर तिच्यातले टोकदार कोपरे घासले जातात, हे सांगायला नको.

छापील उत्तरांची भाषाही ठरलेली. ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’, कारवाईबद्दलच्या प्रश्नाला ‘चौकशी सुरू आहे’ आणि विलंबाच्या कारणांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. अधिकारी सभागृहात बोलू शकत नाहीत. ते अधिकाऱ्यांच्या दीर्घेत बसून मंत्र्यांना चिठ्ठ्या पाठवतात. तपास करणारा एक, माहिती लिहिणारा दुसरा आणि बोलणारा तिसरा. उत्तर चुकले तर जबाबदारी कोणाची, हे शोधणे त्यामुळे अवघड होते.

‘न्यायप्रविष्ट’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द सर्रास वापरला जातो, पण त्याला मर्यादा आहेत. न्यायालयाचा निर्णय ज्या वस्तुस्थितीवर प्रलंबित आहे, तिच्यावर सदस्यांनी बोलू नये, असा संसदेत आणि विधिमंडळांत नियम आहे. राज्यघटनेतील अनुच्छेद २११ नुसार न्यायाधीशांच्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. मात्र ‘न्यायप्रविष्ट’चा नियम हा सभागृहाने स्वतःवर घालून घेतलेला निर्बंध आहे, तर भाषणस्वातंत्र्य हा मूळ हक्क आहे, गरज पडल्यास निर्बंधाने मागे सरावे, असे विधिमंडळांच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या समितीनेच म्हटलेले आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. फौजदारी प्रकरण न्यायालयात ‘प्रलंबित’ कधीपासून? न्यायालय अवमान कायदा, १९७१ नुसार आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयाने समन्स वा वॉरंट काढल्यावर. संसदीय प्रथाही साधारण आरोपपत्र ते निकाल हाच काळ मानते. गुन्हा नुकताच नोंदला आहे, तपास पोलिसांकडेच आहे, अशा वेळी ‘न्यायप्रविष्ट’ हे उत्तर किती टिकणारे आहे, हा प्रश्न सभागृहात फारसा विचारला जात नाही.

शिवाय प्रकरण खरोखरच न्यायालयात असले तरी सगळे प्रश्न बंद होत नाहीत. आरोपीने गुन्हा केला का, हे न्यायालयाने ठरवायचे. पण तक्रार घ्यायला पोलिसांनी किती तास लावले, सीसीटीव्हीचे चित्रीकरण वेळेत ताब्यात घेतले का, तपास अधिकाऱ्याची बदली मध्येच का झाली, हे प्रश्न प्रशासनाचे आहेत आणि त्यांची उत्तरे मागणे हे विधिमंडळाचे कामच आहे.

सभागृहाने रेटा लावला तर काय होते?

मार्च २०२१ चे अर्थसंकल्पी अधिवेशन हे याचे ठळक उदाहरण. २५ फेब्रुवारीला मुंबईत उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या निवासस्थानाजवळ जिलेटिनच्या कांड्या असलेली गाडी सापडली. ती गाडी ज्यांच्या ताब्यात होती त्या ठाण्यातील व्यावसायिकाचा मृतदेह ५ मार्चला मुंब्य्राच्या खाडीत आढळला. त्याच दिवशी तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत हा विषय मांडला. ९ मार्चला त्यांनी मृताच्या पत्नीचा जबाबच सभागृहात वाचून दाखवला आणि पोलीस अधिकारी सचिन वाझे यांच्या अटकेची मागणी केली. कॉल रेकॉर्ड विरोधी पक्षनेत्यांकडे आले कसे, असा प्रतिप्रश्न तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केला. माझी चौकशी करा, असे फडणवीस यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी वाझे यांना गुन्हे शाखेतून हटवल्याची घोषणा झाली, तीही सभागृहातच. १३ मार्चला राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली.

एखाद्या अधिकाऱ्याला पदावर ठेवायचे की नाही, हा प्रशासकीय निर्णय होता आणि तो सभागृहाच्या दबावामुळे झाला. ‘न्यायप्रविष्ट’चा अडसर तिथे आला नाही.

पुढचा अंक मात्र सभागृहाबाहेर रंगला. १७ मार्चला परमबीर सिंह यांची मुंबई पोलीस आयुक्तपदावरून बदली झाली. ही बदली नेहमीची नाही, माफ करता येणार नाहीत अशा चुका झाल्या होत्या, असे गृहमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी एका जाहीर मुलाखतीत सांगितले. २० मार्चला सिंह यांचे आरोपांचे पत्र बाहेर आले आणि ५ एप्रिलला, उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिल्यानंतर, देशमुख यांनी राजीनामा दिला.

कुठे बोलले यावर कायदेशीर संरक्षण कसे ठरते, हेही पुढच्या वर्षी दिसले. अनुच्छेद १९४(२) नुसार सभागृहातील भाषणासाठी आमदाराला न्यायालयात खेचता येत नाही. फडणवीस यांनी २३ मार्च २०२१ रोजी पोलीस बदल्यांबाबतच्या फोन टॅपिंग अहवालाची माहिती दिली, ती पत्रकार परिषदेत. त्यातील गोपनीय माहिती फुटल्याच्या गुन्ह्यात १३ मार्च २०२२ रोजी मुंबई पोलीस त्यांच्या निवासस्थानी जबाब नोंदवायला पोहोचले. विरोधी पक्षनेत्याच्या माहितीचा स्रोत विचारणे हा विशेषाधिकारावर घाला असल्याचे भाजपचे म्हणणे होते, तर केवळ जबाब घेतल्याचे तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांचे.

पत्रकार परिषदेत बिघडते काय?

‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली,’ हे वाक्य वाहिन्यांवर ठळकपणे फिरते. प्रत्यक्षात पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आधीच्या पुरावा कायद्याचे कलम २५ आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ हेच सांगते. अपवाद आहे तो ‘मकोका’चा. या कायद्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो, पण तो स्वेच्छेने दिला हे सिद्ध व्हावे लागते. ओळख परेडचेही तसेच. साक्षीदाराने आरोपीचा चेहरा आधीच टीव्हीवर पाहिला असेल, तर तुरुंगात त्याने केलेली ओळख बचाव पक्ष काही मिनिटांत खिळखिळी करतो. आरोपींना बुरखा घालून नेतात ते यासाठी.

याचा सर्वात बोचरा दाखला मुंबईतील ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचा आहे. १८० हून अधिक प्रवासी त्यात मारले गेले. ३० सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन मुंबई पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषदेत तपास पूर्ण झाल्याचे जाहीर केले. बरोबर नऊ वर्षांनी, ३० सप्टेंबर २०१५ ला, विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब आणि ओळख परेड या दोन्हींवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असा आदेश दिला. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र पाठवले नाही. पत्रकार परिषदेमुळे खटला कोसळला असे नव्हे. पण २००६ मध्ये ‘उलगडा झाला’ असे ऐकलेल्या कुटुंबांना १९ वर्षांनी, मग स्फोट केले कोणी, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागला.

एल्गार प्रकरणाचेही पाहा. ८ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने दोन आरोपींना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या अटकेला सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. पत्रे वाचून दाखवायला तीन दिवस पुरले होते. याच प्रकरणात २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवत, पोलिसांच्या अशा माध्यम-संवादातून जनमत वळवले जाते, अशी टीका केली होती.

पत्रकार परिषद निदान उघड असते. ‘सूत्रां’चे तसे नाही. २०२१ च्या क्रूझ प्रकरणात अभिनेत्याच्या मुलाचे कथित व्हॉट्सॲप चॅट दिवसरात्र दाखवले गेले. त्या चॅटमध्ये कटाचा पुरावा दिसत नसल्याचे उच्च न्यायालयाने जामीन आदेशात म्हटले आणि २७ मे २०२२ च्या आरोपपत्रात त्याचे नावच नव्हते. फुटलेल्या माहितीवर कोणाची सही नसते, त्यामुळे ती खोटी ठरली तरी कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

सरकारी वकिलांनी किती बोलावे?

२६/११ खटल्यात अजमल कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी तेव्हा माध्यमांना सांगितले होते. कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, त्याच्याबाजूने तयार होणारे भावनिक वातावरण मोडण्यासाठी आपणच ते रचले, असे त्यांनी २०१५ मध्ये जयपूर येथे पत्रकारांसमोर मान्य केले. कसाबविरोधात पुरावा भक्कम होता. त्याला बिर्याणीच्या फोडणीची गरज नव्हती. तरीही हे एक वाक्य वर्षानुवर्षे राजकीय भाषणांत खरे म्हणून वापरले गेले. खुलासा त्याच्या मागे धावत राहिला.

नियम नाहीत म्हणून हे घडते का?

नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाचे १ एप्रिल २०१० चे परिपत्रक पुरेसे स्पष्ट आहे. नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे. गुन्हा नोंद, अटक, आरोपपत्र आणि निकाल या चार टप्प्यांवर साधारणपणे माहिती द्यावी. पहिल्या ४८ तासांत घटनेच्या मूळ तथ्यांपलीकडे जाऊ नये. अर्धवट, अंदाजावर आधारलेली माहिती घेऊन माध्यमांकडे धावू नये. माध्यमांचे लक्ष असलेल्या प्रकरणात रोजची एक वेळ ठरवून माहिती द्यावी.

अभिनेता सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणातील वार्तांकनाविरोधात महाराष्ट्राचे आठ माजी पोलीस अधिकारीही उच्च न्यायालयात गेले होते. १८ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने माध्यमांना खडसावलेच, पण तपास यंत्रणांसाठीही एक व्यवहार्य सूचना केली. संवेदनशील प्रकरणांत तपास पथक आणि माध्यमे यांच्यातील दुवा म्हणून एक अधिकारी नेमावा, त्याने ठरावीक काळाने माहिती द्यावी, प्रश्नांना शक्य तितकी उत्तरे द्यावीत. मात्र खटला सुरू होईपर्यंत उघड होऊ नये असे पुरावे बाहेर काढू नयेत. सूचना दुहेरी आहे. बोलू नका असे न्यायालय म्हणत नाही, बोलण्याची जबाबदारी एका नावावर टाका असे म्हणते.

१३ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या माध्यम-संवादासाठी सविस्तर नियमपुस्तिका तीन महिन्यांत तयार करण्याचे निर्देश गृह मंत्रालयाला दिले. हा आदेश ज्या खटल्यात आला तो महाराष्ट्राचाच, ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबईतील ९९ चकमकी आणि त्यांत गेलेले सुमारे १३५ बळी हा त्याचा मूळ विषय. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यास काय करायचे, याचे १६ निर्देश याच खटल्यात २३ सप्टेंबर २०१४ रोजी देण्यात आले होते.

योगायोग असा, की बदलापूर शाळा अत्याचार प्रकरणातील आरोपीचा पोलीस गाडीत गोळी लागून मृत्यू झाला तो २३ सप्टेंबर २०२४ रोजी. बरोबर दहा वर्षांनी. आरोपीने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले, असे पोलिसांचे म्हणणे त्याच संध्याकाळी सर्वत्र पोहोचले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलकही लागले. दोनच दिवसांत उच्च न्यायालयाने या कथनावर शंका व्यक्त केली आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात मांडलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरले गेले. या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडला. चिमुकल्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्तास ताटकळावे लागले होते. लोक रेल्वे रुळांवर उतरले ते त्या संतापातून.

एफआयआर खुला, आरोपपत्र बंद. तरी छायाचित्रे कशी पोहोचली?

२०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक आहे. आरोपपत्राचे तसे नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे याच न्यायालयाने २० जानेवारी २०२३ ला स्पष्ट केले. तरीही बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येच्या प्रकरणात आरोपपत्रातील अमानुष मारहाणीची छायाचित्रे ३ मार्च २०२५ ला वाहिन्यांवर आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचली. दुसऱ्याच दिवशी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

इथे सोपा निवाडा करता येत नाही. सभागृहात आणि रस्त्यावर महिनोन्महिने जे घडले नाही, ते छायाचित्रांनी एका रात्रीत घडवले, असे म्हणणारे चूक नाहीत. पण ती छायाचित्रे म्हणजे खटल्यातला पुरावा होता आणि एका कुटुंबाचे दुःखही. ती फोडण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याने तो कोणालाही न विचारता, कुठेही सही न करता घेतला.

एसआयटी जाहीर झाली की सभागृहाचे काम संपते का?

मस्साजोग प्रकरणात मुख्यमंत्री फडणवीस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात सविस्तर निवेदन केले, पोलीस अधीक्षकांची बदली, विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली. असे उत्तर ‘न्यायप्रविष्ट’पेक्षा कितीतरी चांगले. प्रश्न नंतरचा आहे.

चौकशी आयोग कायद्यानुसार नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारला मिळाल्यापासून सहा महिन्यांत, कृती अहवालासह, सभागृहात ठेवावा लागतो. मुंबई दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळात आला. शिफारशींचे पुढे काय झाले हा भाग वेगळा, पण अहवाल दडवता आला नाही. एसआयटीला असे बंधन नाही. तिचा अहवाल वरिष्ठांकडे किंवा न्यायालयात जातो. सभागृहात जाहीर झालेली एसआयटी सभागृहाकडे परत येईलच, असे नाही.

डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात, सेलिब्रिटी व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्या तरुणीच्या २०२० मधील मृत्यूच्या तपासासाठी एसआयटीची घोषणा झाली. पथक प्रत्यक्षात स्थापन झाले डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात या मृत्यूवर सभागृहाच्या पायऱ्यांवर, वाहिन्यांच्या चर्चांत आणि प्रचारसभांत बोलले जातच होते. घातपाताचा पुरावा आढळला नसल्याचे पोलिसांचे म्हणणे २०२५ मध्ये लोकांसमोर आले, ते उच्च न्यायालयात दाखल झालेल्या प्रतिज्ञापत्रातून.

विधिमंडळाकडे यासाठी एक जुने आणि दुर्लक्षित साधन आहे, आश्वासन समिती. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे तपासणे हेच तिचे काम. ‘एसआयटी नेमू’ हेदेखील आश्वासनच असते. पथक कधी नेमले, त्याचे प्रमुख किती वेळा बदलले, अहवाल कोणाला दिला, या तीन प्रश्नांची उत्तरे देताना एकाही पुराव्याला हात लावावा लागत नाही आणि ‘न्यायप्रविष्ट’ हा शब्दही वापरावा लागत नाही.